एलसीडी टीव्हीचे चित्र पारखावे कसे?
केंदूर-पाबळ भागातील दुकानदार व कारागीर बंधूंसाठी काही उपयुक्त गोष्टी

कापडाचा व्यापारी ठाण हातात घेतो, सूत चाचपतो, उजेडात धरून विणीची पारख करतो. सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो. अत्तराचा व्यापारी मनगटावर थेंब लावून थोडा वेळ थांबतो, मग भाव सांगतो. आपल्या बिरादरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या प्रत्येक धंद्याला अशी एक पारख आहे. टीव्हीच्या धंद्यात मात्र ती अजून रुजलेली नाही. दुकानदार खोक्यावरचे आकडे वाचून दाखवतो, गिऱ्हाईक मान डोलावते आणि सौदा ठरतो. चित्र खरोखर कसे आहे, याचा विचार दोघांपैकी कोणीच करीत नाही.

शिरूर तालुक्यातील केंदूर, पाबळ, शिक्रापूर या भागात टीव्ही घेणारे घर बहुधा शेतीच्या किंवा मजुरीच्या पैशावर चालणारे असते. पीक हाती आल्यावर किंवा घरात लग्नकार्य असल्यावर टीव्ही घेतला जातो आणि तो सात-आठ वर्षे चालावा अशी अपेक्षा असते. चित्र फिके निघाले, बाजूने बसणाऱ्याला रंग बदललेले दिसले, की ते घर पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. गाव लहान असले की बोलणे चारी दिशांना जाते. मोठ्या शहरातील दालनाशी आणि मोबाइलवरून घरपोच येणाऱ्या मालाशी किमतीत बरोबरी करणे लहान दुकानदाराला कठीण आहे. त्याच्यापाशी भांडवल एकच, ते म्हणजे त्याचा शब्द. त्या शब्दाला वजन यायचे तर मालाची पारख हवी. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

तालुक्यातच टीव्हीचा कारखाना

टीव्ही या तालुक्याला परका नाही. शिरूर तालुक्यातीलच रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजी कंपनीचा मोठा कारखाना आहे. २००४ च्या सुमारास तो सुरू झाला आणि फ्रिज, धुलाई यंत्रांबरोबर टीव्ही संचही तेथे तयार होऊ लागले. त्याआधी महाराष्ट्रात टीव्हीच्या कारखान्याचे नाव निघाले की लोक औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) चितेगावच्या व्हिडिओकॉनचे नाव घेत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि पिक्चर ट्यूबचा जमानाही तोवर संपला होता. जगाच्या बाजारात २००७ च्या अखेरीस एलसीडी संचांची विक्री ट्यूबच्या संचांपेक्षा पुढे गेली. आपल्या खेड्यांत हा बदल थोडा उशिरा पोहोचला, पण पोहोचला.

ट्यूबच्या जमान्यात गावोगाव उस्ताद मेकॅनिक होते. एलओटी गेला, ट्यूब कमजोर झाली, फोकस सरकला, हे त्यांना पडद्याकडे नुसते पाहून कळत असे. ती नजर अजून कामाची आहे. फक्त पाहायचे काय ते बदलले आहे.

एलसीडी म्हणजे काय आणि एलईडी म्हणजे काय?

गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारते, "एलसीडी नको, एलईडी दाखवा." पुष्कळ दुकानदारही हे दोन वेगळे प्रकार समजतात. खरी गोष्ट अशी की बाजारात एलईडी टीव्ही म्हणून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक संच एलसीडीच आहे. एलसीडी म्हणजे द्रव स्फटिकाचा पडदा. द्रव स्फटिकाचा शोध ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक रायनित्झर यांनी १८८८ मध्ये लावला. हा पदार्थ स्वतः उजेड देत नाही. वीज दिल्यावर त्याचे कण वळतात आणि मागून येणारा उजेड कमी-जास्त प्रमाणात पुढे सोडतात. खिडकीला लावलेल्या पट्ट्यांच्या पडद्यासारखेच हे काम आहे. पट्ट्या उभ्या-आडव्या केल्या की खोलीत उजेड कमी-जास्त येतो. एलसीडीत अशा लाखो बारीक खिडक्या असतात आणि प्रत्येकीवर लाल, हिरवी किंवा निळी काच असते.

मागचा उजेड पूर्वी बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्यांचा असे. आता तो एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांचा असतो. नाव बदलले ते एवढ्याच फरकामुळे. ओएलईडी हा मात्र खरोखर वेगळा प्रकार आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवा नसतो.

ही रचना नीट लक्षात घेतली तर एलसीडीचे बहुतेक गुणदोष आपोआप कळतात. खिडकी कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड येतोच, म्हणून एलसीडीचा काळा रंग पूर्ण काळा होत नाही. खिडकीतून तिरके पाहिले तर दृश्य बदलते, म्हणून बाजूने रंग फिके दिसतात. खिडकी उघडायला-मिटायला वेळ लागतो, म्हणून वेगाने पळणारा चेंडू पुसट होतो. आणि मागचे दिवे सारखे नसले तर पडद्यावर डाग दिसतात. चित्राची सारी पारख या चार गोष्टींभोवती फिरते.

खोक्यावरचे आकडे

पहिला आकडा आकाराचा. तो पडद्याच्या तिरक्या मापाचा असतो. ३२ इंची म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, ४३ इंची म्हणजे सुमारे १०८ आणि ५५ इंची म्हणजे सुमारे १३९ सेंटिमीटर. गिऱ्हाइकाच्या भिंतीसाठी रुंदी सांगावी: ३२ इंचीचा पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद, ४३ इंचीचा सुमारे ९५ सेंटिमीटर.

दुसरा आकडा ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा. एचडी रेडी पडद्यात बहुधा १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. फोर-के मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. हा आकडा खरा असतो, पण त्याचा उपयोग किती, हे बसण्याच्या अंतरावर ठरते. त्याविषयी पुढे सांगू.

तिसरा आकडा कॉन्ट्रास्टचा, म्हणजे पांढरा रंग काळ्याच्या किती पट उजळ आहे त्याचा. कोठे 'दहा लाखास एक' असे लिहिलेले दिसले तर तिकडे लक्ष देऊ नये. काळे दृश्य आले की मागचा दिवाच मंद करायचा, पांढरे आले की पूर्ण पेटवायचा, आणि दोन वेगवेगळ्या वेळच्या मापांचा भागाकार छापायचा, अशी ती हिकमत असते. एकाच दृश्यात काळे-पांढरे शेजारी असताना पडदा काय करतो ते महत्त्वाचे. तेथे व्हीए जातीचे पॅनेल साधारण तीन हजारास एक किंवा त्याहून चांगले, तर आयपीएस जातीचे साधारण एक हजारास एक एवढे देते. उलट बाजूने पाहण्यात आयपीएस सरस असते. म्हणजे दोन्हींत एक गुण आणि एक ऐब आहे. अंधारात सिनेमा पाहणाऱ्याला व्हीए द्यावे, पसरून बसणाऱ्या मोठ्या कुटुंबाला आयपीएस.

चौथा शब्द एचडीआर. हा सिनेमा तयार करताना उजेडाचा पल्ला हजार निट किंवा त्याहून अधिक धरलेला असतो. निट हे पडद्याच्या उजेडाचे माप आहे. स्वस्त संचाचा पडदा अडीचशे-तीनशे निटच देतो. असा संच एचडीआरचा संदेश वाचू शकतो, म्हणून खोक्यावर तसे छापता येते, पण ते दाखवण्याची ताकद पडद्यात नसते. बैल गाडी ओळखतो म्हणून गाडीतले सगळे ओझे ओढेलच असे नाही.

आधी संच शुद्धीवर आणा

नवा संच उघडला की तो 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' नावाच्या मांडणीवर असू शकतो, आणि दालनात तर तो मुद्दाम त्यावरच ठेवतात. रंग भडक, पांढरा निळसर, उजेड पूर्ण. ही मांडणी दालनातील झगमगाटासाठी असते, घरासाठी नव्हे. पारख करण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

मांडणी 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'स्टँडर्ड' ठेवावी. रंगाचे तापमान 'वॉर्म' ठेवावे. चित्रपट आणि कार्यक्रम तयार करताना पांढऱ्या रंगाचे माप सुमारे ६५०० केल्विन धरलेले असते आणि 'वॉर्म' त्याच्या जवळ जाते. पहिल्या दोन मिनिटांत ते पिवळसर वाटेल. डोळा सरावला की चेहरे माणसांसारखे दिसू लागतात. शार्पनेस अगदी कमी करावा. तो वाढवल्याने नवा बारकावा येत नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते. आवाज-डाग काढणारी आणि हालचाल मऊ करणारी साधने बंद करावीत.

दोन बटणांचा घोळ समजून घ्यावा. पुष्कळ संचांत 'ब्राइटनेस' हे बटण दिव्याचे नसते, काळ्या रंगाची पातळी ठरवण्याचे असते. दिव्याचे बटण 'बॅकलाइट' नावाने वेगळे असते. काही संचांत मात्र 'ब्राइटनेस' हाच दिवा असतो. ओळख सोपी आहे. बटण खाली आणल्यावर सगळे चित्रच मंद झाले तर तो दिवा. काळ्या शेरवानीच्या घड्या, केसांच्या बटा काळ्यात बुडून नाहीशा झाल्या तर ती काळ्याची पातळी.

दोन संच शेजारी ठेवून तुलना करायची तर दोघांची मांडणी एक आणि चित्रही एकच हवे. ज्या मालात नफा अधिक तो संच भडक मांडणीवर आणि शेजारचा मुद्दाम मंद, हा प्रकार बाजारात चालतो. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार आहे. दुकानात भडक दिसलेला संच घरी संध्याकाळी डोळ्यांना टोचू लागतो, आणि तक्रार दुकानदाराकडेच येते.

एका पेनड्राइव्हची कसोटी

कंपनीच्या पेनड्राइव्हमधील फुले, मासे, आतषबाजी पाहून काहीच कळत नाही. ती दृश्ये प्रत्येक पडद्यावर सुंदर दिसावीत अशीच निवडलेली असतात. दुकानदाराने स्वतःचा एक पेनड्राइव्ह तयार करावा. खर्च नगण्य आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर १९२० गुणिले १०८० मापाची सहा कोरी चित्रे करावीत: पूर्ण पांढरे, पूर्ण काळे, लाल, हिरवे, निळे आणि मध्यम करडे. सातवे चित्र करड्या पायऱ्यांचे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत वीस उभ्या पट्ट्यांचे. त्यात एक जुन्या कृष्णधवल चित्रपटाचा तुकडा, एक नैसर्गिक उजेडात काढलेले माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र आणि एक क्रिकेटच्या सामन्याचा तुकडा टाकावा. मग पुढील क्रमाने पाहावे.

एक, काळे चित्र. दुकानाचे दिवे मालवावेत, शटर अर्धे ओढावे. कोपऱ्यांतून उजेड फुटतो का, ढगासारखे पांढरे डाग आहेत का ते पाहावे. थोडा उजेड कोठेही येतो. एका कोपऱ्यात बॅटरीसारखा झोत दिसत असेल तर तो नग परत पाठवावा.

दोन, रंगांची पाच चित्रे. पडद्याजवळ जाऊन मेलेले ठिपके शोधावेत. पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा काळ्यावर सतत पेटलेला लाल-हिरवा ठिपका दिसेल. एक-दोन ठिपक्यांसाठी कंपनी संच बदलून देईलच असे नाही, म्हणून तिचा नियम आधी वाचून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला घरी नेण्यापूर्वीच दाखवावे.

तीन, करडे चित्र. येथे पडद्याची मळकट ठिकाणे दिसतात: उभे पट्टे, काळपट कडा. हाच दोष पुढे क्रिकेटच्या हिरवळीवर दिसतो. कॅमेरा चेंडूमागे फिरला की हिरवळीवर मळका पट्टा सरकत जातो.

चार, करड्या पायऱ्या. वीसच्या वीस पट्ट्या वेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. काळ्याकडच्या दोन-तीन एक झाल्या तर काळ्याची पातळी थोडी वाढवावी. पांढऱ्याकडच्या एक झाल्या तर 'कॉन्ट्रास्ट' थोडा कमी करावा. त्यानेही जमले नाही तर तो पडद्याचा दोष समजावा. कोणतीही पट्टी गुलाबी किंवा हिरवट दिसू नये.

पाच, कृष्णधवल चित्रपट. रंगाची सर्वांत कडक परीक्षा बिनरंगी चित्र घेते. सावल्यांत हिरवट आणि चेहऱ्यावर निळसर छटा दिसली तर रंगांचा तोल बिघडलेला आहे. हाच संच रंगीत चित्रातही चूक करणार, फक्त ती लपून राहते.

सहा, माणसाचा चेहरा. आंबा किती केशरी असावा यावर वाद होऊ शकतो, माणसाच्या कातडीचा रंग मात्र प्रत्येकाला पाठ असतो. चेहरा टोमॅटोसारखा किंवा मेणासारखा दिसू नये.

सात, हालचाल. बातम्यांच्या वाहिनीवर खालून सरकणारी मराठी अक्षरे पाहावीत. काना, मात्रा, वेलांटी सरकतानाही वाचता आली तर पडद्याचा वेग बरा. अक्षरांमागे शेपूट दिसले तर क्रिकेटचा चेंडूही शेपटीसह दिसणार.

या सर्वाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. एका नमुन्याच्या पहिल्या नगावर पूर्ण परीक्षा आणि पुढच्या नगांवर काळे, पांढरे, करडे एवढी तीन चित्रे पाहिली तरी पुष्कळ आहे.

जमिनीवर बसून पाहा

आता एक गोष्ट जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे टीव्ही भिंतीवर फार उंच टांगतात. मुलांचा हात लागू नये, खाली कपाट किंवा दिवाण आहे, अशी कारणे असतात. घरची माणसे मात्र सतरंजीवर बसतात. म्हणजे पडदा सहा-सात फुटांवर आणि डोळा जमिनीपासून अडीच फुटांवर. चित्र समोरून नव्हे तर खालून पाहिले जाते. स्वस्त, जुन्या टीएन जातीच्या पॅनेलमध्ये खालून पाहिल्यावर रंग उलटे झाल्यासारखे दिसतात, चेहरे काळवंडतात. व्हीए पॅनेल फिके पडते. दुकानात उभे राहून समोरून पाहिलेला संच घरी वेगळा का दिसतो, याचे उत्तर बहुधा येथे असते.

म्हणून दुकानात चटई टाकावी. गिऱ्हाइकाला जमिनीवर बसवून पाहू द्यावे. बसवणाऱ्या कारागिराने पडद्याचा मध्य शक्य तितका डोळ्यांच्या उंचीजवळ आणावा. ते जमत नसेल तर पुढे झुकणारी खुंटी वापरून पडदा खाली कलवावा. समोर दार किंवा खिडकी असेल तर तिचे प्रतिबिंब पडद्यात पडते. भिंत बदलण्याचा सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत, आणि तो सल्ला देणारा कारागीर लोकांच्या लक्षात राहतो.

फोर-के कोणाला द्यावा?

निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनापेक्षा बारीक बारकावा वेगळा दिसत नाही. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. या हिशेबाने ठिपके दिसेनासे होण्याचे अंतर काढता येते. ३२ इंची एचडी रेडी पडद्याला ते सुमारे ६ फूट येते, ४३ इंची फुल एचडीला साडेपाच फुटांच्या थोडे वर, ५५ इंची फुल एचडीला सुमारे ७ फूट. यापेक्षा लांब बसणाऱ्याला अधिक ठिपक्यांचा लाभ दिसणार नाही. दहा फूट खोलीत भिंतीला टेकून बसणारे कुटुंब ४३ इंचीत फुल एचडी आणि फोर-के शेजारी ठेवले तरी केवळ ठिपक्यांवरून ओळखू शकणार नाही. फोर-के संचात पॅनेल आणि चित्र सुधारणारी चिप चांगली असू शकते, ती गोष्ट वेगळी. तसे असेल तर तसे सांगावे.

दुसरा हिशेब संदेशाचा. डिशवरील किंवा केबलवरील साध्या वाहिनीच्या एका चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फुल एचडी पडद्यावर त्याच्या पाचपट जागा असते आणि फोर-के वर वीसपट. म्हणजे फोर-के संचाला वीसपैकी एकोणीस ठिपके अंदाजाने भरावे लागतात. डीडी फ्री डिशवर मुख्यतः साध्या वाहिन्या पाहणाऱ्या घराला मोठा फोर-के संच विकला तर चित्र जुन्या लहान संचापेक्षा पुसट वाटू शकते. त्या घराला ३२ किंवा फार तर ४३ इंची चांगल्या पॅनेलचा संच अधिक समाधान देईल. शिवाय जुना चौकोनी कार्यक्रम ताणून पूर्ण पडदा भरू नये, त्याने माणसे जाड दिसतात. आणि सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारेऐवजी एचडीएमआय तारेने जोडावा. बॉक्सला ती सोय असेल तर इतक्या कमी खर्चात चित्र सुधारणारा दुसरा उपाय नाही.

जुना संच आणि दुरुस्ती

जुन्या संचांच्या खरेदी-विक्रीत आपले अनेक बांधव आहेत. तेथे वरील कसोटी आणखी गरजेची. आवाज येतो पण पडदा काळा असेल तर अंधारात बॅटरीचा झोत तिरका टाकून पाहावे. पुसट चित्र हलताना दिसले तर पॅनेल शाबूत आहे, मागची पट्टी किंवा तिला वीज देणारा भाग गेला आहे. पट्टीवरचे दिवे बहुधा एकामागून एक ओळीत जोडलेले असतात, म्हणून एक जळाला की ओळच बंद पडते. पडद्यावर अंधुक चांदणीसारखा पांढरा गोल दिसला तर दिव्यावरचे भिंग निसटले आहे. जागोजागी निळसर-जांभळे डाग हे दिवे थकल्याचे लक्षण आहे. ही कामे गावातील कारागीर करू शकतो. पट्टी बदलताना सगळ्या पट्ट्या एकदम बदलाव्यात, नाहीतर नव्या-जुन्या उजेडाचे पट्टे पडद्यावर दिसतात. संच परत देताना बॅकलाइट थोडा खाली ठेवला तर दिवे अधिक टिकतात.

उभ्या रंगीत रेघा, अर्धा पडदा पांढरा, काचेला तडा, ही दुखणी पॅनेलची असू शकतात आणि पॅनेलचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. रेघ दिसली तरी आधी टी-कॉन पाटी आणि तिची फीत तपासावी. दोष तेथे नसेल तर गिऱ्हाइकाला खर्चाचा आकडा संच उघडण्यापूर्वी सांगावा. काम करताना ध्यानात ठेवावे की प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या पाटीवरील मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो.

पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकवणारी ही संस्था केंदूरच्या शेजारीच आहे आणि तेथे २००२ पासून फॅब लॅब चालते. पाबळचे नाव आपण मस्तानीच्या कबरीमुळे घेतो. तेथल्या या कार्यशाळेकडेही कारागिरांच्या मुलांनी पाहायला हवे. ट्यूबच्या मेकॅनिकचा मुलगा पॅनेलचा कारागीर व्हायचा तर असे शिक्षण उपयोगी पडेल.

कर आणि कायदा

३२ इंचांपर्यंतच्या संचांवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला होता. त्याहून मोठ्या संचांवरही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्केच लागतो. त्यामुळे 'मोठ्याला कर जास्त' ही जुनी सबब आता चालत नाही. संचावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. २०१२ च्या आदेशाने टीव्हीसाठी ही नोंदणी सक्तीची होत गेली. जोडणी केलेला, अनोळखी नावाचा स्वस्त संच घेताना हा क्रमांक आणि पक्के बिल हेच दुकानदाराचे संरक्षण आहे. ऊर्जा बचतीच्या लेबलवर वर्षाचा वीजखप लिहिलेला असतो, तोही गिऱ्हाइकाला वाचून दाखवावा.

आमची सूचना

प्रत्येक दुकानात टीव्हीच्या फळीजवळ एक साधा कागद लावावा: या संचाचे पॅनेल कोणत्या जातीचे, बाजूने आणि खालून कसा दिसतो, किती फुटांवरून पाहावा, साध्या वाहिनीवर चित्र कसे येते, आणि ऐब काय. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. चार-पाच हजारांच्या फरकात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचात काही ना काही उणे असतेच. ते आपण सांगितले नाही तर गिऱ्हाइकाला घरी कळतेच, आणि मग ते आपल्या तोंडून कळलेले नसते.

मोठे दालन सवलत देऊ शकते. मोबाइलवरचा बाजार माल घरपोच देतो. पण अंधार करून, चटईवर बसवून, करड्या पायऱ्या मोजून दाखवणे आणि "काका, तुमच्या खोलीला एवढा मोठा नको, हा धाकटा घ्या" असे सांगणे गावातल्या दुकानदारालाच शक्य आहे. त्या दिवशी नफा थोडा कमी होईल. पण तेच घर पुढे फ्रिजसाठी, पंख्यासाठी आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन त्याच दुकानात येईल.